कुलूप उघडलं की पाठ फिरवायची

सोमवार, ६ मे

थोरलीच्या आईस,

वर काय लिहायचं इथेच माझं अडलं. शाळेत होतो तेवढ्यात वडिलांना पत्र कसं लिहायचं आणि हेडमास्तरांकडे सुट्टी कशी मागायची एवढंच शिकवलं. बायकोला कसं लिहायचं ते पुढच्या इयत्तेत असेल, आणि तोवर मी कुलपांच्या दुकानात लागलो होतो. तेव्हा जशी हाक मारतो तसंच लिहिलं आहे.

फोन करून पाहिला. थोरली दर वेळी म्हणते, "बाबा, आई झोपलीये." सकाळी झोपलीये, दुपारी झोपलीये, संध्याकाळीही झोपलीये. संसार सुरू झाल्यापासून तुला दिवसाउजेडी झोपलेली मी कधी पाहिली नाही. लेकीकडे गेल्यावर एवढी झोप लागत असेल तर चांगलंच आहे.

इकडे सगळं ठीक. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. गुडघ्याचं तेल तू इथेच विसरलीस. तिकडे तसलं मिळतं का? जिने फार चढू नकोस. थोरलीला सांग, वरच्या खोलीत तुझी गादी टाकली असेल तर खाली आण म्हणावं. तिला सुचायचं नाही.

गुरुवारी दुकान बंद होतं. विशेष काही नाही, जरा बाहेर काम निघालं. शेजारच्या छत्रीवाल्यालाही माझ्यासाठी दुकान टाकून यावं लागलं, ऐन कामाच्या दिवशी. भला माणूस आहे. एका कागदावर त्याने माझ्यासाठी सही केली. तू काळजी करशील म्हणून सांगतो, मला कोणी हातसुद्धा लावला नाही. बसायला बाक दिलं. चहा दिला. साखर कमी होती, पण दिला.

एक विचारायचं होतं. तुझ्या मामेभावाला पूर्वी कोर्टात जावं लागलं होतं, तेव्हा त्याला मध्ये लघवीला जाऊ देत होते का? सहज विचारतो.

दाराच्या कुलपाचा विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझा,
मीच

ता. क. जावईबापूंना वर्तमानपत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचायची सवय आहे. आपल्याकडची बातमी दिसली तर त्यांना सांग, छापलेलं सगळंच खरं नसतं.


शुक्रवार, १७ मे

थोरलीच्या आईस,

तुझं कार्ड मिळालं. "गोल गोल लिहू नका. काय करून बसलात ते सांगा." एवढंच. वर नाव नाही, खाली नाव नाही. पण अक्षर तुझं, म्हणून दुकानात कानशींच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे. येणारी गिऱ्हाइकं वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

सांगतो. आधी बस. बसलीस?

माझ्यावर खटला भरला आहे. चोरीचा. कुलूप तोडून घरात शिरण्याचा आणि चोरीचा, दोन्ही एकदम.

बाजाराच्या मागे औषधांच्या दुकानाचा मालक राहतो, त्याची बायको तुला माहीत आहे. शिवणवाली. आपल्या उशांचे अभ्रे तिनेच शिवले. तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात मी पेटी घेऊन त्या गल्लीतून येत होतो, तर ही स्वतःच्या घराच्या पायरीवर बसलेली. मांडीवर पिशवी. म्हणाली, "काका, किल्ली लागत नाहीये हो. उघडून द्या ना." मी किल्ली पाहिली, कुलूप पाहिलं. किल्ली झिजून गुळगुळीत झालेली आणि कुलूप नवं कोरं, वरचं तेलसुद्धा पुसलेलं नाही. ती किल्ली त्या कुलपाची नव्हतीच. नवऱ्याने तिला बाजारात पाठवून कुलूप बदललं होतं.

हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी पोलिसांना सांगितलं. तुला सांगत नाही. लक्षात आलं. माझ्या लक्षात यायला कुलपाकडे एकदा बघणं पुरतं.

पण ती पायरीवर बसली होती ना. मांडीवर पिशवी घेऊन. तूही तशीच बसली होतीस, भर उन्हात, भाजी कोमेजेपर्यंत. आपलं कुलूप अडकलेलं आणि मी गावभर लोकांची दारं उघडत हिंडतोय. मी आलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "सगळ्यांची उघडता हो." आणि तीच पिशवी घेऊन बसस्टँडवर गेलीस. भाजीसकट. थोरलीने त्या भाजीचं काय केलं ते मी विचारलं नाही.

तर मी तार घातली आणि तिचं कुलूप उघडलं. तिने शिलाई मशीन बाहेर काढलं, लेकीचे कपडे काढले, हातगाडीवर टाकलं आणि भावाकडे गेली. संध्याकाळी नवरा ठाण्यात. म्हणे कपाटातला सोन्याचा हारही गेला. ती पहिली आरोपी, मी दुसरा.

ठाण्यात त्यांनी विचारलं, मी बोललो. जे विचारलं तेही बोललो, जे नाही विचारलं तेही बोललो. तुला माझा स्वभाव माहीत आहे, समोर कोणी गप्प बसला की मला ते सोसत नाही. मग एक कागद पुढे आला. चष्मा दुकानात राहिला होता. "वाचून बघा" म्हणाले, मी म्हटलं, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," आणि सही केली. छत्रीवाला जामीन राहिला म्हणून घरी आलो.

समोरचा न्हावी म्हणतो, "काका, कोर्टकचेरी म्हणजे घोंगडं. एकदा अंगावर पडलं की निघत नाही. सरळ गुन्हा कबूल करा, म्हातारं माणूस बघून दंडावर सोडतील. दुपारी जेवायला घरी." मलाही तेच बरं वाटतं. ठाण्यातले साहेब म्हणाले की वकील परवडत नसेल तर कोर्ट फुकट देतं. मी नको म्हटलं. फुकटचं कुलूप आणि फुकटचा वकील, दोन्ही धक्क्याने उघडायची.

तेव्हा पुढच्या तारखेला कबूल करून टाकतो. तू यायच्या आत मिटलेलं असेल. येणार आहेस का?

तुझा,
मीच


मंगळवार, ४ जून

थोरलीच्या आईस,

तुझं पत्र मोठं होतं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यात मला जी विशेषणं लावली आहेस ती सोडून बाकीचं छत्रीवाल्याला वाचून दाखवलं. शेवटी तू लिहिलंस, "तुम्ही कबूल करून जेवायला घरी याल, पण तिचं काय होईल ते विचारलंत का कोणाला?"

विचारलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. मला आपलं मीच दिसत होतो, पिंजऱ्यात उभा.

मग गेलो आणि फुकटचा वकील मागितला. बाई आहेत. आपल्या धाकट्याएवढ्या असतील. सर्दी झालेली, एका खांद्यावर कागदांची पिशवी, दुसऱ्यावर डब्याची. सरकारी वकिलालाही पगार सरकारच देतं आणि या बाईंनाही. म्हणजे मला आत घालायला एक आणि बाहेर काढायला एक, दोघांचा खर्च एकाच खिशातून. मी तसं बोललो तर बाई म्हणाल्या, "काका, तोच तर न्याय." आणि शिंकल्या.

मी म्हटलं, "मला कबूल करायचंय." त्या म्हणाल्या, "करा. तुमचा हक्क आहे. पण आधी काय कबूल करताय ते ऐका." आणि माझ्यावरच्या कागदांच्या नकला काढल्या. मला वाटलं होतं हे कागद गुपित असतात. तर नाही, आरोपीला ते द्यावेच लागतात, आपल्याविरुद्ध काय आहे ते आपल्याला आधी कळलंच पाहिजे. बाई वाचत गेल्या, मी ऐकत गेलो.

अगं, त्यात काय आहे माहीत आहे? त्यात आहे की, आरोपी क्रमांक एक घरात चोरी करत असताना आरोपी क्रमांक दोन दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून पहारा देत होता. वरच्या मजल्यावरच्या मावशीने गॅलरीतून पाहिलं. आणि खाली, हे मला मान्य आहे, म्हणून माझी सही.

पहारा!

तुला वस्तादांचा नियम माहीत आहे. दुकानात लागलो त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तार हातात दिली नाही, हा नियम दिला. कुलूप उघडलं की पाठ फिरवायची. "कुलपापर्यंत आपण. उंबऱ्यापासून त्यांचं." आत काय आहे, किती आहे, कपाट कुठे, काही बघायचं नाही. माणूस आत जाऊन "झालं" म्हणेपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचं. एकदा मी चुकून आत डोकावलो तर त्यांनी कानशीची मूठ डोक्यात मारली होती. तेव्हापासून मी कुणाच्या घराचा आतला रंगसुद्धा पाहिलेला नाही. आणि तोच पहारा झाला. जन्मभर ज्याला मी इज्जत म्हणत आलो, ते कागदावर चोराचं लक्षण.

मी रडलो, तुला सांगायला लाज नाही. बाईंनी रुमाल पुढे केला, पण तो त्यांच्या सर्दीचा होता म्हणून मी घेतला नाही.

मग मी तुझा प्रश्न विचारला. मी कबूल केलं तर शिवणवालीचं काय? त्या म्हणाल्या, "कायद्याने तुमची कबुली तिच्या गळ्यात घालता येत नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात बसतंच की, एक म्हणतो चोरी झाली, मग दुसरी कशी म्हणते नाही झाली? आणि लेक कुणाकडे राहणार याचंही तिचं भांडण चालू आहे. चोर ठरली तर तिथेही हरेल."

मी म्हटलं, "पण कुलूप तर मीच उघडलं. नाही कसं म्हणू? खोटं बोलू?"

"कुलूप उघडलं का, असं तुम्हाला कोणी विचारणारच नाहीये, काका. विचारतील गुन्हा कबूल आहे का. त्या घरात ती राहत होती, मशीन तिचं होतं आणि तुमच्या मनात चोरी नव्हती. मग गुन्हा कुठला? आणि हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. चोरी झाली हे त्यांनी सिद्ध करायचं. नाही जमलं तर तुम्ही सुटलात."

"आणि ती सही?"

"ठाण्यातली सही म्हणजे निकाल नव्हे. साक्षीदाराने कोर्टात, तुमच्या तोंडावर सांगायला लागतं, आणि मला त्याला प्रश्न विचारता येतात. पण इथून पुढे मी शेजारी नसताना कुणाशी या विषयावर बोलायचं नाही. तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे."

आता तू हसलीस. मला माहीत आहे हसलीस. गप्प बसायचा हक्क! तो तू मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून देत आलीस, मीच कधी घेतला नाही.

आरोप वाचून दाखवायची तारीख याच महिन्यात आहे. काय करायचं ते अजून ठरत नाही. न्हावी म्हणतो, उगाच शहाणपणा नको. तुरुंगात चष्मा जवळ ठेवू देतात का, ते बाईंना विचारायचं राहिलं.

तुझा,
मीच


मंगळवार, २५ जून

थोरलीच्या आईस,

आज तारीख होती.

कोर्टाच्या आवारात सगळे उभे असतात, कोणी बसत नाही. बसलं आणि पुकारा ऐकू आला नाही तर वॉरंट निघतं म्हणे. म्हणून मीही उभाच. शर्ट निळा घातला होता, तू म्हणतेस ना त्यात मी सज्जन दिसतो. बटण तुटलेलं होतं, ते मीच लावलं. जरा खाली लागलं आहे.

मामेभावाचं काय ते तू कळवलं नाहीस, पण मीच शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, जाऊन या, साहेब नाही पळून जात." सांगून ठेवतो, उपयोगी पडेल कुणाला.

शिवणवाली माझ्या शेजारी पिंजऱ्यात. आम्ही बोललो नाही. तिने फक्त म्हटलं, "काका, माझ्यामुळे." मी म्हटलं, "अभ्रे चांगले शिवलेस." का म्हटलं कोण जाणे. तोंडात आलं. तिचा हात पिंजऱ्याच्या आडव्या दांडीवर होता, इतका घट्ट की बोटं पांढरी पडलेली.

न्यायाधीश चष्मा लावलेले, मध्ये मध्ये गरम पाणी पितात. त्यांनी वाचायला सुरुवात केली. कलम अमुक, कलम तमुक, सामायिक इराद्याने, अनधिकृत प्रवेश. माझ्या कानात नुसता भुंगा. आणि मग एकदम शांतता. मला कळलं की मला विचारलं आहे. सगळे माझ्याकडे बघतात. आणि समोरचं माणूस गप्प बसलं की मला सोसत नाही.

माझ्या तोंडून "हो" आलं होतं. इथपर्यंत आलं होतं, दातांपर्यंत. एवढं "हो" म्हटलं की घरी. जेवायला घरी.

मग दांडी हलली. तिचा हात थरथरत होता, त्याने हलली. माझ्या हाताला ते जाणवलं.

मी म्हटलं, "साहेब, मला कळलं नाही. परत वाचाल का?"

मला वाटलं ओरडतील. माझ्या मागे कुणीतरी हसलंसुद्धा. पण ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत. कळल्याशिवाय उत्तर द्यायचंच नसतं." आणि सोप्या भाषेत सांगितलं. "तुम्ही आणि या बाईंनी मिळून, चोरी करायच्या हेतूने कुलूप उघडलंत, असा आरोप आहे. हा गुन्हा तुम्हाला कबूल आहे का?"

मी म्हटलं, "कुलूप मी उघडलं. चोरी करायला नाही उघडलं. गुन्हा कबूल नाही."

"एवढंच सांगायचं होतं," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.

तिने दांडी सोडली. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "काका, परत वाचा म्हणायचं मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं." मी म्हटलं, घरी सवय आहे, बायको एकदाच सांगते आणि मला दोनदा ऐकावं लागतं.

आता साक्षीपुरावे होणार. भीती कमी झालेली नाही, उलट वाढली. कबूल करून मोकळा झालो असतो तर निदान काय होणार ते माहीत असतं. पण जेवण गेलं. बऱ्याच दिवसांनी ताट पुसून जेवलो.

तू आली असतीस तर बरं झालं असतं. हे लिहिणार नव्हतो.

तुझा,
मीच

ता. क. न्हाव्याने आज दाढी अर्धवट केली. सल्ला ऐकला नाही म्हणून असेल.


गुरुवार, १२ सप्टेंबर

थोरलीच्या आईस,

अगं, तू लबाड आहेस.

मध्ये दोन तारखा फुकट गेल्या, ते तुला कळवलंच. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा साक्षीदार आजारी. आज मात्र साक्षी झाल्या.

आधी औषधवाला. आमच्या बाईंनी त्याला विचारलं, "तुमची बायको त्या दिवशी सकाळपर्यंत याच घरात राहत होती?" राहत होती. "कुलूप तुम्ही कधी बदललंत?" ती बाजारात गेल्यावर. "तिला सांगितलंत?" सरकारी वकिलाकडे बघायला लागला. "शिलाई मशीन कुणाचं?" म्हणाला, तिच्या माहेरचं, पण ठेवलेलं माझ्या घरात. "आणि हार शेवटचा कधी पाहिलात?" तर आठवेना. बायकोने नेला हे पक्कं आठवतं, पण कपाटात होता का हे आठवत नाही.

मग वरच्या मजल्यावरची मावशी. पांढरी साडी नीट चोपून नेसलेली, शपथ घेताना आवाज कापत होता. सरकारी वकिलाने विचारलं, तिने सांगितलं. "हो, हे काका दाराकडे पाठ करून उभे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होते. ती सामान काढेपर्यंत हलले नाहीत." सगळं खरं. एक शब्द खोटा नाही. मी खाली मान घातली. खऱ्या साक्षीपुढे माणूस काय करणार? मनात म्हटलं, संपलं.

आमच्या बाई उठल्या. आज सर्दी नव्हती. "मावशी, तुम्ही इस्पितळातून घरी आलात आणि किल्ली हरवली होती, असं कधी झालं होतं का?"

मावशी चकित. मीही चकित. "झालं होतं की. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. पण ते तुम्हाला कसं..."

"कुलूप कुणी उघडलं?"

"यांनीच. या काकांनी. यांच्या मिसेस होत्या बरोबर, माझी पिशवी धरायला."

"उघडल्यावर काका काय करत होते?"

"काय करणार? असेच उभे राहिले. पाठ फिरवून." आणि तिला हसू आलं. कोर्टात! "मी म्हटलं, अहो आत या, पाणी तरी घ्या. तर मान वळवतील तर शपथ. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, सोडा हो, ते असेच. तुमच्या घराचा रंग कोणता ते त्यांना मेल्यावरच कळेल."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी पाण्याचा पेला तोंडापुढे धरला.

"मग तेव्हा ते पहारा देत होते का?"

"छे, कसला पहारा? माझ्याकडे काय आहे चोरायला?"

"मग या वेळी पोलिसांना पहारा म्हणून का सांगितलंत?"

मावशी गोंधळली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मी म्हणालेच नाही. मी पोलिसांना म्हटलं पाठ करून उभे होते. ते म्हणाले, याला पहारा म्हणतात. मी म्हटलं, म्हणत असतील." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "काका, माझ्या डोक्यातच आलं नाही हो, की हे तेच आहे."

माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, तिला काय बोलू? तिचं कुलूप मी उघडलं होतं हे मी साफ विसरलो होतो. मी कुलपं लक्षात ठेवतो, दारं नाही.

बाहेर आल्यावर बाईंना विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "काकूंचा फोन येतो की. दर तारखेच्या आधी. मावशी काय म्हणतील, काकांना पाणी प्यायला सांगा, शर्ट निळा घालायला सांगा, सगळं." आणि हसून म्हणाल्या, "काकूंना माहीत नाही असं तुमच्याबद्दल काही आहे का हो?"

मी फोन केला की झोपलेली. वकिलाला फोन करायला जागी.

आज एवढंच.

तुझा,
मीच


बुधवार, ९ ऑक्टोबर

थोरलीच्या आईस,

सुटलो. दोघंही.

तुला वकीलबाईंकडून माझ्याआधीच कळलं असणार, पण माझ्या हाताने लिहायचं होतं.

न्यायाधीशांनी फार वेळ घेतला नाही. कुलूप उघडल्याचं सिद्ध झालं, ते आरोपीनेही कधी नाकारलं नाही. गुन्हा सिद्ध झाला नाही. ज्या घरात ती सकाळपर्यंत राहत होती तिथून आपलं मशीन आणणं म्हणजे चोरी नव्हे. हार होता याचाच पुरावा नाही. आणि पाठ फिरवून उभं राहणं हा, ते म्हणाले, सभ्यपणाही असू शकतो. निर्दोष.

मी तसाच उभा. पुढे काय करायचं ते बाईंनी सांगितलं नव्हतं. शेवटी शिपाई म्हणाला, "आजोबा, आता घरी जायचा हक्क आहे." शिवणवालीने मला वाकून नमस्कार केला आणि तिथेच पिंजऱ्याच्या पायरीवर बसली. मी तिला म्हटलं, "ऊठ, पायरीवर बसू नकोस. पुरे झालं बसणं." लेकीचं भांडण अजून बाकी आहे, पण आता ती तिथे चोर म्हणून उभी राहणार नाही.

छत्रीवाला जामिनातून सुटला. त्याने पेढे वगैरे काही आणले नाहीत, मला एक छत्री दुरुस्त करून दिली. तुझी, काळी. तिची काडी मोडली होती, आठवतं?

आता एक सांगतो आणि संपवतो.

काल, निकालाच्या आदल्या दिवशी, मी दुकान उघडलं नाही. घरी बसून आपल्या दाराचं कुलूप काढलं. मनात एकच भीती होती. तुरुंगाची नव्हे. उद्या मला तिथूनच नेलं, तर ही कधीतरी येईल, दार उघडणार नाही, आणि पिशवी घेऊन पायरीवर बसून राहील. उघडून द्यायला मी नसेन.

खोलून पाहिलं तर आतली एक पट्टी झिजली होती. नखाएवढी. चहा गार व्हायच्या आत काम झालं. तुला इतकी वर्षं त्या दाराला खांदा लावावा लागला, आणि काम एवढंसं होतं. यावर तू जे म्हणशील ते मी ऐकून घेईन. दोनदा.

सोबत किल्ली पाठवतो आहे. मुद्दाम मोठ्या डोक्याची कापली आहे, तुझी बोटं सकाळी आखडतात म्हणून. आता खांदा लावायला नको, नुसती फिरव.

कधी येतेस ते कळवू नकोस. कळवलंस तर मी स्टँडवर येऊन बसेन, आणि तुला तुझ्या हाताने दार उघडता येणार नाही. मी घरातच असेन. कुलूप वाजलेलं मला ऐकू येतं, बाकी काही आलं नाही तरी.

वस्तादांचा नियम लोकांच्या दारांसाठी होता. तू उघडशील तेव्हा मी दाराकडे तोंड करून उभा असेन.

तुझा,
मीच